सी-फॉर्म

पोरगी रविवारी पहाटे साडेतीनला उतरणार,
दारेसलामहून, अदिस अबाबात विमान बदलून.
गुरुवारपासून मी खोली आवरतेय.
वरच्या मजल्यावरची, पूर्वेची. तिथून खारघरचा डोंगर दिसायचा,
आता समोरच्या टॉवरचे पाइप दिसतात.
हे तिला फोनवर आधीच सांगून टाकलं.
खोली भाड्याने देणाऱ्याने खरं बोलावं,
निदान खिडकीबद्दल.

गीझर दुरुस्त झाला. करकरणाऱ्या पलंगाच्या पायाखाली
पुठ्ठा सारून त्याला गप्प केलं.
मच्छरदाणीला चार खिळे हवेत, घरात तीनच सापडले.
कल्पेश म्हणाला, आई, डास त्यांच्याकडेही असतात.
असतील.
पण ते तिच्या ओळखीचे.

तिचं इंग्रजी सरळ, माझं मोडकं.
परवा विचारत होती, तिथे साबुनी मिळते ना?
मी म्हटलं, साबण?
ती हसली. मग अर्धा तास, रेंज जाईपर्यंत,
आम्ही एकमेकींच्या घरातून आपलं सामान ओळखून काढावं
तसे शब्द काढत बसलो.
दुकान, दुका. गाडी, गारी.
हिशोब, हेसाबु. चपाती तर चपातीच.
डिपॉझिटचा हेसाबु तेवढा राहून गेला.

तिचं आडनाव म्वाक्युसा.
भाकरी थापताना म्हणून बघते:
म्वा, क्यु, सा. तिसऱ्या थापेला तुटतं.
भाकरीही.

कल्पेश लॅपटॉपवर सी-फॉर्म भरतोय.
परदेशी माणूस घरात आला
की चोवीस तासांत सरकारला कळवायचं असतं.
कुठून आली, कशासाठी आली, किती दिवस राहणार,
इथून पुढे कुठे जाणार.
मी पदराला हात पुसत मागे उभी.
मनात आलं, आमच्याकडे हे शहर आलं
तेव्हा त्याने असा कुठला फॉर्म भरला होता?
मी तर कुठे गेलेच नाही.
होते तिथेच उभी होते, बांधावर,
आणि तेच आलं, सामानसुमान घेऊन, सेक्टर नंबर टाकत.
साडेबारा टक्क्यांत हा प्लॉट मिळाला.
उरलेले साडेसत्त्याऐंशी कुठे राहतात
ते मला अजून नीट सापडलेलं नाही.
बँकेच्या रांगेत कधी पाय थंड पडले
की वाटतं, विहीर इथेच होती.

आई, पत्ता सांग, कल्पेश म्हणतो.
पत्ता त्याला पाठ आहे.
तरी मी सांगते, सावकाश,
नवीन माणसाला सांगावा तसा.

रात्री तिचा मेसेज. बॅग तेवीस किलोची झालीय,
दीड किलो काढायचंय.
आंटी, काय आणू नको?
बादली आणू नको, लिहिलं. उशी नको, तांदूळ तर नकोच.
मग बराच वेळ अंगठा तसाच.
मला कुणी विचारलं असतं
तर मी काय ठेवून आले असते, काय उचललं असतं?
एवढं लिहायला माझं इंग्रजी पुरत नाही.
लिहिलं, छत्री इथे स्वस्त मिळते.

आज शनिवार. पाऊण वाजलाय.
कल्पेश गाडीतलं पेट्रोल बघायला खाली गेला.
चौथा खिळा शेवटी सापडला,
स्वयंपाकघराच्या भिंतीत होता.
त्याच्यावर विळा टांगलेला असायचा, सासूबाईंच्या हातचा.
शेवटचं भात कापलं त्या दिवसापासून तो तिथेच.
खिळा हलवून हलवून काढला.
भिंतीला भोक पडलं, जरासा जुना रंग दिसला, निळा.

मच्छरदाणी आता चारी कोपऱ्यांनी ताठ.
विळा कुठे ठेवावा कळत नाहीये.
तूर्त फ्रिजवर आहे.